परळ कीं पुणें?

ज्याच्यापुढें एकहि दार उघडें नसतें त्याचें दुःख सर्वांस कळतें. पण ज्याच्यापुढें दोन उत्तम दारें एकाच वेळीं उघडीं राहतात त्याच्या अडचणीस अडचण म्हणावयास कोणी तयार होत नाहीं. "दैव उदार झालें, आतां कसली काळजी?" असें म्हणून लोक मोकळे होतात. परंतु आपल्याच घरांत असा योग आला म्हणजे कळून येतें कीं, नकार पचविणें एक वेळ सोपें. निवड करणें कठीण. नकाराचा दोष परीक्षेवर, नशिबावर किंवा सरकारवर ढकलतां येतो. निवडीचें ओझें मात्र आपलें आपणच वाहावयाचें असतें.

वैद्यकाच्या शिक्षणासाठीं आतां साऱ्या देशांत 'नीट' ही एकच प्रवेशपरीक्षा आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, आणि परीक्षेस बसणारीं मुलें वीस लाखांहून अधिक. ह्या गर्दींतून जीं थोडीं वर येतात, त्यांस राज्यांतील कॉलेजांचीं नांवें पसंतीच्या क्रमानें भरून द्यावीं लागतात. आणि त्या क्रमांतील जें पहिलें नांव गुणांच्या बळावर हातीं लागेल, तेथें प्रवेश मिळतो. ज्यांचे गुण भरपूर आहेत त्यांच्यापुढें मग एवढाच प्रश्न उरतो कीं, यादीच्या पहिल्या ओळींत काय लिहावें. त्या एका ओळीपायीं आमच्या घरांत आठ दिवस चुलीखेरीज सारे व्यवहार थंडावले होते.

मुलगी आमच्या थोरल्या बंधूंची नात. तिच्या गुणांवर मुंबईस परळचें सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, म्हणजे लोकांच्या तोंडचें के. ई. एम., आणि पुण्याचें बैरामजी जीजीभॉय मेडिकल कॉलेज, म्हणजे ससूनचें बी. जे., हीं दोन्ही तिच्या आवांक्यांत होतीं. फीचा प्रश्न दोहोंकडे फारसा वेगळा नव्हता. राहण्याची सोय दोहोंकडे होती. तेव्हां खर्चाच्या निमित्तानें वाद मिटवावा, ही गृहस्थाश्रमांतील नेहमींची युक्तीहि येथें चालण्यासारखी नव्हती. घर सरळ दोन पक्षांत वांटलें गेलें.

मुंबईचा पक्ष घेतला तो आमच्या धाकट्या पुतण्यानें. तो तेथेंच नोकरीस असतो. त्याचें म्हणणें असें कीं, के. ई. एम.ची जागा मिळत असतां ती सोडणें म्हणजे लक्ष्मी दारीं आली असतां तिला पाट न देणें. आणि त्या कॉलेजाचा इतिहास खरोखरच अभिमानास्पद आहे. परकीय अमलांत मोठ्या रुग्णालयांतील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. अशा काळीं सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनीं देणगी देतांना अट घातली कीं, ह्या कॉलेजांत शिकविणारे सर्व हिंदी असले पाहिजेत. १९२६ सालीं तें सुरू झालें. रुग्णालयास नांव एडवर्ड बादशहाचें, आणि आंत शिकविणारा एकजात देशी, असा हा मौजेचा संगम होता. गांधीजींचे स्नेही व चिकित्सक डॉ. जीवराज मेहता अनेक वर्षें तेथें डीन होते. तेच पुढें १९६० सालीं गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटनीस याच कॉलेजाचे विद्यार्थी. १९८६ सालीं डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नानें नळींतील गर्भधारणेच्या शास्त्रीय पद्धतीचें मूल जन्मास आलें तेंहि येथेंच. डॉ. रवी बापट यांचें 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' हें पुस्तक तर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत असेल.

पुण्याचा पक्ष आमच्या वहिनींचा. त्यांचें प्रमाण एकच: अंतर. तिसगांवाहून पुणें सुमारें दीडशें किलोमीटर, सकाळीं एस. टी.त बसावें, दुपारीं लेकराच्या हातांत लाडवांचा डबा द्यावा. मुंबई याच्या जवळजवळ दुप्पट दूर, आणि तेथें पोंचल्यावरहि पुनः गर्दीचा प्रवास उरतोच. परंतु पुण्याचा पक्ष केवळ लाडवांवर उभा नव्हता. डेव्हिड ससून यांच्या दानानें उभें राहिलेलें तें रुग्णालय १८६७ पासून गरिबांची सेवा करीत आहे, आणि त्यास जोडलेलें जुनें मेडिकल स्कूल १९४६ सालीं पूर्ण कॉलेज झालें. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे हे तिघेहि बी. जे.चेच. हें ऐकून वहिनी क्षणभर बिचकल्या. "तेथें डॉक्टर करतात कीं नट?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें कीं, आधीं डॉक्टर करतात. नाटक हा वरचा नफा.

आतां ह्या दोन पक्षांतील वादाकडे तटस्थपणें पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. पूर्वीं परळचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचा पदवीधर होई आणि ससूनचा पुणें विद्यापीठाचा. तेव्हां ही निवड दोन विद्यापीठांमधील होती. १९९८ सालीं नाशिक येथें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें, आणि आतां दोन्ही कॉलेजें त्याच एका विद्यापीठाशीं संलग्न आहेत. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, साडेचार वर्षें शिक्षण व एक वर्ष इंटर्नशिप हा काळहि तोच, आणि शेवटीं हातीं येणाऱ्या कागदावरील विद्यापीठाचें नांवहि तेंच. मग वाद उरतो कशाचा? बहुतांशीं लौकिकाचा.

लौकिकाच्या पक्षांतील सर्वांत बळकट युक्तिवाद पुतण्यानें शेवटास काढला. तो म्हणाला, "काका, के. ई. एम.च्या जागा आधीं भरतात. तेथपर्यंत पोंचणारे गुण हातांत असतां पुढच्या कॉलेजाचें नांव पहिलें लिहिलें, तर वरचे गुण वायांच गेले." हें वाक्य आम्हीं त्यानंतर दुसऱ्या पुष्कळ घरांतून ऐकलें आहे, आणि आमच्या मतें साऱ्या घोटाळ्याचें मूळ येथें आहे. गुण म्हणजे बाजारांत नेलेले पैसे नव्हेत कीं ते सारे खर्च झालेच पाहिजेत. ज्याच्या खिशांत शंभर रुपये आहेत त्यानें शंभराचेंच धोतर घ्यावें, अंगास होवो वा न होवो, असें कोणी म्हणत नाहीं. गुणांचें काम दार उघडण्यापुरतें. आंत गेल्यावर त्यांस कोणी विचारीत नाहीं. परंतु जें दुसऱ्यांनीं आधीं उचललें तेंच उत्तम, ह्या समजुतीवर हजारों कुटुंबें आपल्या याद्या भरीत असतात.

मग पाहावें तरी काय? येथें आम्हांस आमच्या जुन्या पोथ्यांची आठवण झाली. संस्कृतांत आहे म्हणून सारेंच प्रमाण, असें आम्ही मानीत नाहीं. पण वैद्य होऊं इच्छिणाऱ्यानें शिक्षणाची जागा कशी निवडावी हा प्रश्न आपल्या पूर्वजांसहि पडला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत त्याचा क्रमवार विचार आहे. आपणांस हें कार्य झेपेल कीं नाहीं, त्याचें फळ काय, पुढचे परिणाम काय, देश कोणता, काळ कोणता, हें विद्यार्थ्यानें आधीं ओळखावें. नंतर शास्त्राची परीक्षा करावी, कारण वैद्यकाचे ग्रंथ तेव्हांहि अनेक होते. त्यानंतर आचार्याची परीक्षा करावी. विद्यार्थ्याची परीक्षा होते ती ह्या सर्वांनंतर! आज आपण पहिल्या तीन परीक्षा गाळून चौथी तेवढी ठेविली आहे.

आचार्य कसा असावा याची तेथें जी यादी आहे तींत तो कोणत्या नगरांत राहतो, त्याचें कूळ कोणतें, त्याच्या दारीं किती शिष्य रांगा लावून उभे आहेत, यांपैकीं कांहींहि नाहीं. तो परिदृष्टकर्मा असावा, म्हणजे त्यानें प्रत्यक्ष कर्म पुष्कळ पाहिलेलें असावें. तो जितहस्त असावा, म्हणजे हात त्याच्या ताब्यांत असावा. तो उपकरणवान, शिष्यवत्सल व रागलोभ आवरणारा असावा. ह्या गुणांपैकीं अर्धे पुस्तकानें येत नाहींत. सुश्रुतानें तर शिष्याकडून कोहळा, भोपळा, काकडी ह्यांवर छेद घेण्याचा अभ्यास करवून घ्यावा असें स्पष्ट सांगितलें आहे. पण कोहळ्याला वेदना नसते. हात स्थिर होणें कोहळ्यावर शिकतां येईल. समोरच्या माणसाच्या वेदनेनें मन न डळमळतां हात स्थिर ठेवणें माणसाजवळच शिकावें लागतें.

ह्या कसोट्या लावून पाहिल्या तर दोन्ही कॉलेजें उतरतात, आणि कां उतरतात हें पाहण्यासारखें आहे. परळच्या रुग्णालयांत अठराशेंवर खाटा, ससूनमध्यें सुमारें तेराशें. त्या खाटांवर कोण असतें? परळास पूर्वीं गिरणीकामगार असत. आतां सारें मुंबई शहर, कोंकण, आणि उत्तरेकडून पोटासाठीं आलेला मजूर. ससूनमध्यें पुण्याच्या वस्त्यांतील हमाल आणि मोलकरणी, तसेच नगर, सोलापूर, सातारा ह्या भागांतील शेतकरी. आमच्या पाथर्डी तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें मोठ्या दुखण्यास शेवटीं कोठें जातात, तर अशाच ठिकाणीं. आचार्य परिदृष्टकर्मा झाला तो ह्या लोकांमुळें. विद्यार्थ्याचा पहिला गुरु व्याख्यानाच्या खोलींत उभा नसतो. तो सतरंजी काखेला मारून रांगेंत उभा असतो. खाजगी इस्पितळांत ज्या माणसास दारहि दिसलें नसतें, त्याच्या शरीरावर आपलीं मुलें नामांकित डॉक्टर होतात. कॉलेजाचा लौकिक ज्याला म्हणतात तो ह्या गरिबांचा उधार दिलेला लौकिक आहे, हें आपण सुशिक्षितांनीं फारसें मनावर घेतलेलें नाहीं.

उपकरणांच्या बाबतींत एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. १९२४ च्या जानेवारींत येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधीजींस आंत्रपुच्छाचा विकार झाला व त्यांस ससूनमध्यें आणण्यांत आलें. कर्नल मॅडॉक यांनीं शस्त्रक्रिया चालविली असतां वीज गेली, आणि काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. साऱ्या देशाचें लक्ष त्या खोलीकडे होतें. त्या क्षणीं उपकरणवान असणें पुरेसें नव्हतें; जितहस्त असणेंच कामास आलें. आणि सेवाभाव म्हणजे काय, तें पाहावयाचें असेल तर परळास पाहावें. १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षें, जाणीव हरपलेल्या एका परिचारिकेची शुश्रूषा तेथील परिचारिकांनीं केली. ज्यांनीं तिला हिंडतां-फिरतां कधींच पाहिलें नव्हतें अशा मुली पुढें नोकरींत आल्या आणि त्यांनींहि ती सेवा आपली मानली. हा धडा कोणत्याहि अभ्यासक्रमांत नाहीं.

एवढा विचार झाल्यावर आम्हीं मुलीस एवढेंच सुचविलें कीं, दोन्ही ठिकाणीं कॉलेजाच्या कमानीसमोर छायाचित्र न काढतां बाह्यरुग्णविभागांत एक एक सकाळ बसून ये. ती वडिलांबरोबर गेली. परळास सकाळीं आठापासून बसली. एक तरुण डॉक्टर पाऊण तासांत मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तीन भाषांत रोग्यांशीं बोलला, हें तिनें मोजून पाहिलें. रात्रीं रुग्णालयाबाहेर पदपथावर निजलेले रोग्यांचे नातलग पाहिले. दादरची गाडगेमहाराजांच्या नांवाची धर्मशाळा कोणासाठीं आहे तें तिला त्या दिवशीं कळलें. परत येतांना पुण्यास उतरून ससूनमध्यें दुसरी सकाळ काढली. घरीं आली ती गप्प. दोन दिवस कोणीं विचारलें नाहीं, आणि तिनेंहि सांगितलें नाहीं.

ह्या दोन दिवसांत वहिनींच्या मनांतील खरी भीति बाहेर पडली. एका संध्याकाळीं देवापुढें दिवा लावून झाल्यावर त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, लाडवांचं राहूं द्या. मुंबईला गेलेलं पोर परत येत नाहीं, हें मीं तीन घरांत पाहिलंय. इथं तालुक्याला एवढीं माणसं दुखण्यानं जातात, आणि आपल्या घरचा डॉक्टर आपण लांब पाठवायचा का?" ह्या प्रश्नास हंसण्यावारी नेणें आम्हांस शक्य नव्हतें, कारण त्यांतली व्यथा खरी आहे.

परंतु कॉलेजाचें अंतर आणि परतण्याचें अंतर हीं दोन मापें निराळीं आहेत. आमच्याच जिल्ह्यांतील जामखेडचें उदाहरण घ्यावें. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य शिकलें कोठें, तर दूर तामिळनाडूंत वेल्लोरला. पुढें सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेतलें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथें. दोन्ही संस्था जगन्मान्य. त्यांनीं मनांत आणलें असतें तर कोणतेंहि मोठें शहर त्यांस पायघड्या घालतें. पण १९७० सालीं त्यांनीं काम मांडलें तें जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यांत, आणि गांवांतल्या अल्पशिक्षित बायांस आरोग्याचें ज्ञान देऊन गांवचें आरोग्य गांवाच्या हातीं दिलें. १९७९ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. उलट डॉ. कोटनीस सोलापूरचे, परळास शिकले, १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, आणि १९४२ सालीं वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच देह ठेवला. ते घरीं परतले नाहींत म्हणून त्यांचें शिक्षण फुकट गेलें असें कोण म्हणेल? वेल्लोरनें आरोळ्यांस जामखेडला पाठविलें नाहीं, आणि परळानें कोटनिसांस चीनला पाठविलें नाहीं. तें त्यांच्या मनानें केलें. मुलीस पुण्यास ठेविली म्हणजे ती तिसगांवास परतेल, हा हिशेब तितकाच कच्चा आहे, जितका गुण वायां जातात हा. वहिनी ऐकून घेऊन उठल्या. त्यांचें समाधान झालें असें आम्ही म्हणणार नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मुलगी आमच्याजवळ येऊन बसली व म्हणाली, "नाना, मी पुणं पहिलं लिहितें."

"आजीसाठीं?"

"नाहीं. आजीला तसं वाटलं तर वाटूं दे." मग थोडें थांबून तिनें कारण सांगितलें. "ससूनला माझ्या बाकावर बीडकडची एक बाई होती. ती म्हणत होती, पोटांत कालवतंय, जीव घाबरा होतोय, हातापायाला मुंग्या येतात. समोरच्या डॉक्टरनं दोनदां विचारलं, कालवतंय म्हणजे दुखतंय का? ती म्हणाली, दुखत नाहीं, कालवतंय. मला तें न विचारतां कळलं होतं. मला वाटलं, ऐकायला मी जिथं चुकणार नाहीं तिथं आधीं शिकावं. परळ फार मोठं आहे, नाना. तिथं मला पुढं शिकायला जायचंच आहे. पण पहिल्यांदा भाषा आणि रोग दोन्ही एकदम अनोळखी नकोत."

आम्हीं तिला विचारलें कीं, काका म्हणतो तसे गुण वायां गेले असें तुला वाटत नाहीं ना? ती म्हणाली, "थोडं वाटतं. कोटनिसांचं कॉलेज सोडतांना वाटणारच." ह्या 'थोडं वाटतं' ह्या उत्तरानें आमची खात्री पटली. जी निवड करतांना कांहींच गमावल्यासारखें वाटत नाहीं, ती निवड मुळीं झालेलीच नसते. दुसऱ्या कोणीं ती आपल्यासाठीं केलेली असते.

तिनें दिलेलें कारण प्रत्येकास लागू पडेल असें नाहीं. एखादा मुलगा ह्याच कारणासाठीं उलट परळ निवडील. जी भाषा आपल्याला येत नाहीं ती ऐकावयाची संवय लहान वयांतच लागावी, हेंहि तितकेंच सयुक्तिक आहे. आमचा आग्रह उत्तराविषयीं नाहीं, प्रश्नाविषयीं आहे. ज्या घरांत असा प्रसंग येईल तेथील वडीलधाऱ्यांनीं पहिली ओळ स्वतः लिहूं नये. कोणत्या कॉलेजाचें नांव सोयऱ्यांत सांगावयास बरें वाटेल, हें विचारूं नये. मूल कोणाच्या खाटेपाशीं उभें राहून शिकणार आहे, त्या माणसाचें बोलणें त्याला कळणार आहे कीं नाहीं, शिकविणारे त्याला हात धरून शिकवितील कीं नाहीं, आणि तेथील कष्ट सोसून तें माणूस म्हणून शाबूत राहील कीं नाहीं, एवढें विचारावें. आणि मग गप्प राहण्याचें सामर्थ्य अंगीं आणावें. घरांत दहा वडील माणसें असतां हें शेवटचें काम सर्वांत अवघड आहे, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

आमचा पुतण्या अद्याप थोडा नाराज आहे. वहिनींस मात्र आपलाच पक्ष जिंकला असें वाटतें, आणि त्यांस खरें कारण सांगावयाचें धैर्य घरांत कोणालाहि झालेलें नाहीं. परळच्या त्या जागेविषयीं आम्हांस हळहळ वाटत नाहीं. यादींतील आपल्यामागचा जो कोणी असेल, कदाचित् आमच्यासारख्याच एखाद्या आडगांवचा, त्याच्या घरीं त्या जागेपायीं पेढे वांटले गेले असतील. आपण न घेतलेलें दार बंद होत नाहीं. तें दुसऱ्या कोणाच्या तरी लेकरासाठीं उघडतें.